नजर उशिरा बरी झाली

2013 चं नवरात्र आठवड्यावर आलं होतं. आई मला घेऊन आमच्या शिंपीमास्तरांकडे गेली, चोळीचं माप द्यायला. आई लग्न होऊन बडोद्यात आली तेव्हापासून आमच्या घरातलं सगळं शिवण याच दुकानात. मास्तरांची एक लांबट, जाड वही आहे, कडा तेलकट झालेल्या, आणि तिच्यात प्रत्येक घराची पानं वेगळी. त्यांनी टेप लावली, आकडा पाहिला, टेप काढून पुन्हा लावली. मग वहीत माझं दोन वर्षांपूर्वीचं माप शोधलं, त्यावर बोट ठेवलं आणि आईकडे बघत म्हणाले, "बेन, आ तो नानी छोकरीनुं माप छे." हे तर लहान मुलीचं माप आहे.

आईचा चेहरा उतरला. मला मात्र खात्री होती की मास्तरांची टेप वापरून वापरून ताणली गेलीय, म्हणून आकडा कमी येतोय. कारण समोर भिंतीवर आरसा होता आणि त्यात मला जाड दंडांची, पोट पुढे आलेली मुलगी दिसत होती. हे उपमा म्हणून लिहीत नाही. आत्ता तुम्हाला ही अक्षरं दिसताहेत तशी ती मला दिसत होती.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला. आजाराचं नाव अॅनोरेक्सिया नर्व्होसा, हे आम्हाला त्यानंतर महिन्याभरात कळलं. या आजाराबद्दल बोलताना लोक "जेवत नाही" एवढंच बोलतात. जेवण तर मी आठ-नऊ महिन्यांत पुन्हा शिकले. स्वतःकडे बघणं शिकायला जवळजवळ तीन वर्षं गेली, आणि त्या तीन वर्षांत घरात, शेजारीपाजारी सगळे मला बरी झालेली समजत होते. मला त्या काळाबद्दलच लिहायचंय.

एक आधीच सांगते. माझं वजन किती होतं, कंबर किती होती, मी किती खात होते, हे आकडे यात नाहीत. आजारी असताना मी दुसऱ्यांचे असे अनुभव शोधून शोधून वाचायचे आणि त्यातले आकडे पैज लावल्यासारखे लक्षात ठेवायचे. हे वाचणाऱ्यांत तशी एखादी असेल, तर तिच्या हाती मला ते द्यायचे नाहीत.

सुरुवात टायफॉइडने झाली. तीन आठवड्यांनी कॉलेजात गेले तर मैत्रिणी म्हणाल्या, किती छान बारीक झालीस. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यातल्या काकूंनी हनुवटी धरून तेच सांगितलं. आजारातून उठलेल्या मुलीला आपल्याकडे कौतुकाने म्हणण्यासारखी ही एकच गोष्ट उरलीय का, असं मला आज वाटतं. तेव्हा मात्र ते शब्द मी जपून ठेवले आणि टायफॉइड गेल्यावरही उतरलेलं वजन परत येऊ द्यायचं नाही असं ठरवलं.

घरात ते लपलं उपवासांमुळे. आधी संकष्टी, मग एकादशी, मग गुरुवार, श्रावणात सोमवार आणि शनिवार. नुसतं जेवत नाही म्हटलं असतं तर आईने घर डोक्यावर घेतलं असतं, पण उपवास म्हटला की आपल्या घरांत सगळे मागे सरतात. आजीला तर आनंदच झाला, नात देवाधर्माचं करते म्हणून. साबुदाण्याची खिचडीही मी "तेलकट होते" म्हणून नाकारायला लागले तेव्हा तिला पहिल्यांदा संशय आला. ती म्हणाली, "उपवास देवासाठी करतेस की कुणावर रागावून?" मी उत्तर दिलं नाही. त्या घरात सगळ्यात आधी ओळखलं ते तिने.

आणि याच काळात मी स्वयंपाकघर सोडत नव्हते. चक्का टांगून श्रीखंड, पुरण वाटून पोळ्या, भावाच्या वाढदिवसाला बासुंदी. सगळ्यांना आग्रह करकरून वाढायचे, आपण चव घ्यायची नाही. आई म्हणायची, हिचं मन खाण्यावरून उडालं असतं तर ही इतकं रांधेल कशाला? पुढे कळलं की उपाशी मेंदू असाच वागतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये 36 धडधाकट तरुणांना सहा महिने जवळपास निम्म्या खाण्यावर ठेवून पाहिलं होतं. ते तरुण दिवसरात्र अन्नाबद्दल बोलायला लागले, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, एकेक जेवण तासतासभर लांबवायला लागले. त्यांना कुणाला बारीक व्हायचं नव्हतं. नुसत्या उपासमारीने माणूस असा होतो, हे वाचून माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं. तोवर मला वाटत होतं की मी मुळातच ढोंगी आहे.

शरीर तपासत राहणं हा या आजारातला रोजचा उद्योग. माझा तपास बांगड्यांवर चालायचा. आजीने दिलेली चांदीची एक बांगडी मी मनगटावरून वर ढकलत कोपरापर्यंत चढते का बघायचे. चढली की तासभर बरं वाटायचं. लेक्चर चालू असताना, बसमध्ये, रात्री अंथरुणात, दिवसातून किती वेळा कोण जाणे. बांगडी चढत होती. म्हणजे हात बारीक होता. पण आरशात दंड जाडच दिसायचा. या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

आणि दुसऱ्या कुणाला बघताना माझी नजर अगदी ठीक होती. वर्गातली एक मुलगी खूप बारीक होती, ती मला बारीकच दिसायची, तिची काळजीही वाटायची. मी तिच्याहून बारीक होते हे मला फोटोतून, पुढे दोन वर्षांनी कळलं.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी जिन्यात बसले ती उठताच येईना. त्याआधी दोन डॉक्टर झाले होते. एकांनी लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक दिलं. दुसऱ्यांनी पाळी थांबली म्हणून हार्मोन्स दिले आणि लग्नाचं बघा म्हणाले. तिसऱ्या डॉक्टरांनी नाडी धरली, बराच वेळ धरून ठेवली, माझे निळसर पडलेले हात पाहिले, दंडावर आणि पाठीवर आलेली बारीक लव पाहिली आणि बाबांना बाहेर बोलावलं. अंगात चरबी उरली नाही की शरीर ऊब धरायला अशी लव उगवतं, हृदय शक्ती वाचवायला संथ होतं. मला त्याच संध्याकाळी दाखल करून घेतलं.

दवाखान्यातलं थोडक्यात सांगते. अन्न एकदम वाढवत नाहीत. फार दिवसांच्या उपाशी शरीराला अचानक भरपूर अन्न मिळालं तर रक्तातलं फॉस्फरस धाडकन खाली येतं आणि हृदय बंद पडू शकतं. म्हणून रोज रक्त तपासायचे, ब जीवनसत्त्व आधी द्यायचे, आणि मऊ भात-वरण वाटीने मोजून वाढवत न्यायचे. मनोविकारतज्ज्ञ आले ते पहिल्याच भेटीत म्हणाले, या आजाराला गोळी नाही, अन्न हेच औषध. बाबांनी बिलासाठी एफडी मोडली, कारण मेडिक्लेमवाल्यांनी मानसिक आजार म्हणून हात वर केले. मानसिक आरोग्य कायदा 2017 चा, त्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजारही शारीरिक आजारांसारखेच धरावेत असं आहे. आमच्या वेळी तो नव्हता.

घरी आल्यावर आईने शाळेतून बिनपगारी रजा घेतली. तीन जेवणं आणि मध्ये तीनदा काहीतरी, दर वेळी ती समोर. भातावर तूप घालताना मी तिचा हात धरायचे, ती हात सोडवून घ्यायची आणि तेवढंच तूप घालायची. ओरडायची नाही. "हे औषध आहे" एवढंच म्हणायची. कधी दीड तास ताटावर जायचा. मी तिला त्या दिवसांत जे बोलले ते इथे लिहिणार नाही.

वजन वाढायला लागलं. आणि तेव्हाच सगळ्यात वाईट काळ सुरू झाला, जो कुणालाच दिसत नव्हता.

उपाशी शरीरावर अन्न परत चढायला लागलं की ते आधी पोटाकडे जातं. जठराची सवय गेलेली असते, दोन घासांनी पोट फुगतं. पायांवर सूज येते. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र पुढे, असं कित्येक महिने राहतं. मग वर्षभरात ते हळूहळू सगळीकडे सारखं पसरतं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. मला आरसा म्हणत होता, बघ, मी सांगत होतो ना? इतके दिवस खोटं दिसत होतं, आता त्यातलं थोडं खरं दिसायला लागलं आणि मी त्या खऱ्याच्या आधाराने बाकीचं सगळं खोटंही खरं धरलं. तराजूवर आकडा चढत होता, डॉक्टर खूश होते, आजीने गणपतीला पेढे ठेवले, आणि मी न्हाणीघरातला आरसा टॉवेलने झाकून अंघोळ करत होते.

मानसोपचार त्याच सुमाराला सुरू झाले. अलकापुरीत आठवड्यातून एकदा. मॅडम गुजराती, मराठी समजायचं पण बोलता यायचं नाही. तिसऱ्या की चौथ्या भेटीत त्यांनी ड्रॉवरमधून पांढऱ्या सुती दोऱ्याचं रीळ काढलं. म्हणाल्या, तुझी कंबर किती आहे असं तुला वाटतं, तेवढा गोल दोऱ्याने जमिनीवर कर. मी खाली बसले, खूप विचार केला, अगदी प्रामाणिकपणे, दोनदा बदलून एक गोल मांडला. त्यांनी तिथे दोरा कापला. मग दुसरा दोरा माझ्या कमरेभोवती धरून खरं माप घेतलं, तोही कापला आणि त्याचा गोल माझ्या गोलाच्या आत ठेवला.

दोन गोलांच्या मध्ये माझा अख्खा पंजा, बोटं पसरून, मावत होता.

मी म्हटलं, तुम्ही दोरा आवळून धरलात. त्यांनी मला दुसरा तुकडा दिला, तूच घे. मी घेतलं. तेवढंच आलं. मास्तरांची टेप आठवली. जुनी झालेली नव्हती ती.

त्या दिवशी मॅडमनी मला नेदरलँड्समधला एक प्रयोग सांगितला, 2013 मध्येच प्रसिद्ध झालेला. त्यात बायकांना दारासारख्या फटीतून चालायला लावलं होतं, फट कमीजास्त करत, आणि खरं कारण सांगितलं नव्हतं. निरोगी बायका फट खांद्यांच्या सव्वापट रुंद झाली की सरळ चालत जात. माझ्यासारख्या आजारी बायका फट खांद्यांच्या जवळजवळ एक पूर्णांक चार दशांश पट रुंद होईपर्यंत अंग तिरपं करून जात होत्या. ऐकता ऐकता माझ्या अंगावर काटा आला. आमच्या खोलीत कपाट आणि पलंग यांच्यामध्ये अरुंद वाट आहे. त्यातून मी कित्येक महिने तिरपी होऊन जात होते. बाबा त्यातून सरळ जायचे, आणि बाबा माझ्या दुप्पट आहेत. म्हणजे हे नुसतं आरशापुढचं मनाचं खेळणं नव्हतं. माझे पाय, माझे खांदेसुद्धा त्या नसलेल्या जाड मुलीला घेऊन चालत होते.

नातेवाइकांत पुढे कित्येकदा ऐकलं, हे फॅशनचं, मोबाइलचं खूळ. त्यांना मी एवढंच सांगते की पॅरिसमध्ये लासेग आणि लंडनमध्ये विल्यम गल या डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन 1873 च्या सुमारास केलंय. आणि आपलं शरीर खरं दिसत नाही हा या आजाराचा गाभाच आहे, हे हिल्डे ब्रुख या डॉक्टरबाईंनी 1962 मध्ये मांडलं. मोबाइलने आगीत तेल ओतलं असेल, पण आग त्याच्या फार आधीची आहे.

मग आरसा. पूर्ण उंचीच्या आरशासमोर उभं राहून, रोजच्या कपड्यांत, डोक्यापासून पायापर्यंत जे दिसतं ते बोलायचं. आवडतं-नावडतं नाही, फक्त दिसतं ते. मी हिंदी-गुजरातीत सुरू केलं. मॅडमनी थांबवलं. विचारलं, मनात स्वतःला नावं ठेवतेस ती कुठल्या भाषेत? मी म्हटलं, मराठीत. मग बोलायचंही मराठीत, त्या म्हणाल्या, मला कळलं नाही तरी चालेल.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे शरीरासाठी साधे शब्दच नाहीत. आपल्या मराठीत अंगाला किती शब्द आहेत बघा, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक कुणीतरी कुणाला तरी मारलेला आहे. सुटलेली, फोफशी, ढब्बी, गोलमटोल. उलट बाजूला काडी, चिपाड, वाळलेली, खंगलेली. "भरली" म्हटलं तरी मोजून म्हटलेलं. मी पोटाला "सुटलेलं" म्हटलं. मॅडमनी तो शब्द पकडला. "सुटलेलं? कोना हाथमांथी?" कुणाच्या हातून सुटलंय? मी हसले नाही, रडायलाच आलं, कारण उत्तर मला माहीत होतं. माझ्याच हातून. मी त्याला दीड वर्ष आवळून धरलं होतं.

मग एकेक शब्द नव्याने शोधला. कपाळ रुंद. डाव्या भुवईत एक खोक. दंड कोपराकडे निमुळते होत गेलेले. पोट गोल, बेंबीच्या खाली थोडं पुढे. उजव्या मांडीवर तीळ. पहिल्या दिवशी मानेपर्यंतच पोचले आणि घाम फुटला. पोटापर्यंत यायला दीड महिना लागला. बरोबरीने बांगडी काढून आईकडे दिली, आणि तपासणं वहीत मांडायला लागले, किती वेळा आरसा, किती वेळा मनगट. पहिल्या दिवशीचा आकडा पाहून माझा मलाच विश्वास बसला नाही. जितकं तपासावं तितकं अंग मोठं दिसत जातं. एखाद्या शब्दाकडे फार वेळ टक लावून बघितलं की तो शब्द परका वाटायला लागतो, तसंच.

हे सरळ वर चढत गेलं असं नाही. 2015 च्या हळदीकुंकवाला एका काकूंनी वाण हातात देता देता म्हटलं, "आता कशी भरलीस हं, छान दिसतेस." त्यांना मनापासून आनंद झाला होता. मी ते वाण पिशवीत टाकून घरी आले आणि दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी आईने न विचारता मॅडमना फोन लावला. म्हणून मुलगी आजारातून उठली की तिच्या आयांना, मावश्यांना माझी हात जोडून विनंती असते की तिच्या अंगाबद्दल काहीच बोलू नका. चांगलंही नको. तिचं कॉलेज विचारा, साडीचा रंग चांगला म्हणा, आणि तिच्याबरोबर बसून जेवा. आणि वजन आलं म्हणून उपचार थांबवू नका. नजर आजारीच राहिली तर ती मुलीला पुन्हा ताटावरून उठवते. आता 2022 पासून टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा 14416 हा फुकटचा नंबर आहे, चोवीस तास, सुरुवात कुठून करायची हे तरी तिथे विचारता येतं.

बदल झाला तो मला कळलाही नाही. एका सकाळी कपाट आणि पलंगामधून सरळ गेले आणि दारापाशी पोचल्यावर ध्यानात आलं. परत मागे जाऊन पुन्हा एकदा चालून पाहिलं. खांद्यांच्या दोन्ही बाजूंना जागा उरत होती. हे 2016 च्या उन्हाळ्यातलं.

आजही कधी कधी, झोप झालेली नसली की, दुकानांच्या काचेत ती जुनी मुलगी दिसते. आता मी तिच्याशी वाद घालत नाही, पुढे चालू लागते. तराजू घरात नाही. मास्तरांना सांगून ठेवलंय की आकडा मोठ्याने म्हणायचा नाही. आता माप त्यांचा मुलगा घेतो, तोही वहीत गुपचूप लिहितो.

यंदा घट बसले त्याच्या आदल्या दिवशी चोळी आली. आभल्यांची, हिरवी. घालून बघितली तर काखेत घट्ट. छातीत धस्स झालं, हात आपोआप मनगटाकडे गेला. मी तशीच स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. आई साबुदाणा निवडत होती. तिने हात पुसले, मला जवळ ओढलं, चोळी उलटी करून शिवण चाचपली.

"आत माया सोडलीय की चांगली," ती म्हणाली. "काढ, अर्धा इंच उसवून देते."